तीन चाकं, एक गोधडी

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. रविवारी सकाळी सायकल चालवताना एक जण काहीतरी बोलतो, चहापर्यंत दुसऱ्याने ते वाढवलेलं असतं आणि घरी पोचेपर्यंत तिसरा शपथेवर सांगायला तयार असतो, की हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं! आमच्या चार जणांच्या ग्रुपमध्ये असे इतके किस्से साठलेत, की नवीन माणूस भेटला की कुठून सुरुवात करावी कळत नाही. मी आपली आडव्या सायकलपासून करते. आडवी म्हणजे खरोखरच आडवी. आरामखुर्चीत रेलतो तसं मागे रेलायचं, पाय समोर लांब करायचे आणि पेडल मारायचं. मान आपोआप वर होते आणि समोर रस्त्यापेक्षा आकाशच जास्त दिसतं.

आधी चौघांची ओळख. गांगुर्डे सर निवृत्त भूगोल शिक्षक. निकम अंबडच्या एका कंपनीत टूल रूममध्ये आहे, मूळचा सटाण्याकडचा, खूश झाला किंवा भडकला की थेट अहिराणीत शिरतो. डॉक्टर दातांचे, पण मत शरीराच्या सगळ्या अवयवांवर देतात. आणि चौथी मी, शोभा, विमा ऑफिसातली क्लार्क. सायकल शिकले तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि मागे कॅरिअर धरून सर धावत होते.

दर रविवारी उजाडताना गंगापूर रोडला भेटायचं, तिथून त्र्यंबक रस्त्याला लागायचं, अंजनेरीच्या पायथ्याशी मावशींच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि परत फिरायचं. जोर आला तर त्र्यंबकेश्वरापर्यंत जायचं. जोर बहुधा सरांनाच यायचा.

*

आमच्या ग्रुपचा नियम एकच. हवा भरायचा पंप ज्याच्याकडे, त्याने सगळ्यात शेवटी चालायचं. म्हणजे पुढे कुणी पंक्चर झालं की पंप मागून येतोच. हा पंप पहिल्या दिवसापासून सरांकडे होता. सर चौघांत सगळ्यात दमदार, तरी कायम शेवटी. एकदा विचारलं, तर म्हणाले, “वर्गातलं शेवटचं पोर बाहेर पडल्याशिवाय मास्तर वर्ग सोडत नाही.”

मग संक्रांतीच्या सुमारास सरांच्या कमरेचं ऑपरेशन झालं. सगळं नीट झालं, पण सर्जननी सांगितलं, की सायकलवर वाकून बसणं आता कायमचं बंद. सर घरी आले, गॅलरीतल्या आरामखुर्चीत बसले आणि गप्प झाले. पंप त्यांच्या दाराशेजारच्या खिळ्याला लटकलेला होता. तो मागायची आमच्यापैकी कुणाची हिंमत होईना. नवीन घ्यावा असंही कुणी बोलेना, कारण नवीन पंप घेणं म्हणजे सर आता येणार नाहीत हे मान्य करणं होतं. आम्ही तिघं आठ महिने पंपाशिवाय फिरलो!

उन्हाळ्यात महिरावणीच्या पुढे माझं चाक बसलं. तिघंही सायकली हातात धरून चालत निघालो. एक मोटारसायकलवाला शेतकरी थांबला.

“पंप नाय का तुमच्याकडं?”

“आहे ना,” निकम म्हणाला.

“मंग भरा की हवा!”

“सरांच्या घरी आहे.”

तो माणूस आमच्याकडे बघत राहिला. मग हळूच गाडी गिअरमध्ये टाकून निघून गेला.

*

रविवारी परत येताना आम्ही सरांकडे डोकावायचो. सर गॅलरीतूनच हात करायचे. पूर्वी मिनिटभर उशीर झाला तरी घड्याळ दाखवणारा हा माणूस, आता आम्ही दहाला गेलो काय आणि अकराला गेलो काय, त्यांना सारखंच. वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, चहा देताना एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, “शोभा, हे आता भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलत नाहीत गं. मला माझा कटकट्या नवरा परत पाहिजे.”  मी कप विसळायला घेतले.

बाहेर डॉक्टर सरांना बोलतं करायला बघत होते. “सर, दिवसभर काय बघता इथून?”

“रस्ता.”

“अहो, भूगोलाचे मास्तर तुम्ही. ढग बघा!”

सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “चौतीस वर्षं ढग शिकवले, डॉक्टर. तक्ता लावून. पण एकही ढग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला नाही. घंटा व्हायची.”

“मग आता कुठे घंटा आहे? बघा की!”

सरांनी गॅलरीतून वर बोट दाखवलं. “आता स्लॅब आहे.”

*

आडवी सायकल शोधून काढली डॉक्टरांनी. एका पेशंटच्या तोंडात कापूस भरून ठेवून मोबाइलवर बघत होते म्हणे. दुसऱ्या रविवारी सरांच्या गॅलरीत त्यांनी फोटो दाखवला. कुठल्यातरी थंड देशात एक म्हातारा मजेत आडवा पडून घाट उतरतोय.

“कमरेवर भार नाही, मानेवर ताण नाही! पाठ पूर्ण टेकलेली!” डॉक्टर असे बोलत होते जणू दाढ न दुखता काढून दाखवणार आहेत.

निकमने फोन हातात घेऊन फोटो मोठा केला. “हाई सायकल शे का खाट?”

सरांनी चष्मा वर केला, नीट बघितलं आणि फोन परत दिला. “खाट नव्हे. तिरडीला चाकं लावलीत.”

वहिनींनी कानावर हात ठेवले. पण जाताना जिन्यात त्यांनीच आम्हाला अडवलं. “केवढ्याला येते ही?”

डॉक्टरांनी किंमत सांगितली. तेवढ्या पैशांत निकमची सेकंडहँड मारुती आली होती, स्टेपनीसकट!

*

मग आम्ही परवडणारी शोधायला लागलो. शहरातल्याच एका हौशी माणसाने आपली जुनी, दोन चाकांची आडवी विकायला काढली होती. एका शाळेच्या मैदानावर ट्रायल ठरली. सरांना अर्थातच पत्ता नव्हता.

डॉक्टर म्हणाले, आधी मी. ते रेलले, पाय उचलले आणि सायकल चालू व्हायच्या आत डावीकडे निजली. पुन्हा बसले. पुन्हा निजली. तिसऱ्या वेळी चांगली दहा फूट गेली आणि मग निजली. घाई नाही, धडपड नाही, झोप आलेल्या मुलाने मान टाकावी तशी.

मालक धावत आला. “बघा, पडलात तरी लागत नाही! जमिनीपासून अंतरच नाही. हाच तर हिचा फायदा!”

डॉक्टर गवतात उताणे पडून शांतपणे वर बघत होते. “मग सायकल कशाला? मैदानच विकत घेतो!”

*

तीन चाकं हवीत हे तेव्हा ठरलं. पण पुढे दोन, मागे एक, की पुढे एक, मागे दोन? निकम म्हणे, मागे दोन करणं सोपं आणि स्वस्त. डॉक्टर म्हणे, वळणावर उलटेल. मावशींच्या टपरीवर तीन रविवार हा वाद चालला. बिस्किटं, ग्लास आणि डॉक्टरांचं हेल्मेट मांडून प्रात्यक्षिकं झाली.

चौथ्या रविवारी मावशी वैतागल्या. “ते मास्तर बसणार कुठं? पुढं का मागं?”

“पुढच्या बाजूला जास्त भार येणार,” निकम म्हणाला.

“मंग पुढं दोन लावा ना! जिकडं पातेलं जड, तिकडं दोन दगड. चूल मांडली नाय का कधी?”

निकमने ग्लास खाली ठेवला. टूल रूममध्ये पंचवीस वर्षं काढलेला माणूस, मान खाली घालून म्हणाला, “मांडली नाही, मावशी.”

*

अंबडला निकमच्या भावाचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे कामाला सुरुवात झाली. पाइप निकमने आणला. पुढची दोन चाकं डॉक्टरांच्या मुलांच्या लहानपणीच्या सायकलींची, त्यांचे अ‍ॅक्सल लेथवर नवीन केले. आडव्या सायकलला चेन लांबलचक लागते, म्हणून तीन सायकलींच्या चेन जोडून एक केली. मागच्या चाकाचं काय करायचं हे ठरत नव्हतं. वहिनींनी परस्पर सरांची सायकल अंबडला पाठवून दिली. “मागचं चाक ह्यांचं घ्या. ते नेहमी मागेच असतात.”

प्रश्न राहिला सीटचा. पाठ किती अंशांत टेकवायची? निकमचं म्हणणं, सरांना आरामखुर्चीत तासन्‌तास दुखत नाही, म्हणजे तोच कोन बरोबर. एके दिवशी सर आंघोळीला गेलेले बघून वहिनींनी मिस्ड कॉल दिला आणि खाली उभा असलेला निकम कोन मोजायचं अवजार घेऊन धावत वर गेला. खुर्चीची पाठ मोजली, बैठक मोजली, उंची व्हर्निअरने मोजली. अर्ध्या अंशाचाही फरक नको म्हणून दोनदा मोजलं. सर बाहेर आले तेव्हा निकम सोफ्यावर चहा पीत होता.

सीट तयार झाली. ट्रायलला वहिनी स्वतः बसल्या आणि तोंड वाकडं करून उठल्या. “हे नाही. ह्यात तर पाठ मोडेल.”

“वहिनी, सेम टु सेम खुर्ची आहे! अर्धा अंशसुद्धा इकडेतिकडे नाही!”

“आणि गोधडी?”

“कोणती गोधडी?”

आरामखुर्चीत वहिनींच्या आईने शिवलेली जाड गोधडी चार घड्या करून कायम घातलेली असते. सरांची पाठ टेकते ती त्या गोधडीला. निकमने मोजताना ती नीट उचलून बाजूला ठेवली होती आणि जाताना तितक्याच नीट परत घातली होती!

सीट पुन्हा करायची म्हणजे आणखी दोन रविवार. वहिनी म्हणाल्या, कशाला? त्या घरी गेल्या, गोधडी घेऊन आल्या आणि सीटवर घालून कडेने दोऱ्यांनी बांधून टाकली.

*

गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी आम्ही आडवी सरांच्या बिल्डिंगखाली आणली. सरांना वहिनींनी हाताला धरून खाली आणलं. सरांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. आपली गोधडी ओळखली, वहिनींकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, “छान आहे. तुम्ही लोकांनी फार त्रास घेतलात. पण मी नाही बसणार.”

“का?” डॉक्टर म्हणाले.

“मला भीती वाटते.”

हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.   इतके दिवस चाललेली आमची खटपट अशी एका वाक्यात संपली असं वाटलं.

काहीतरी करायचं म्हणून निकम खाली बसला, आडवीची मागची बाजू उचलली आणि उगाचच मागचं चाक फिरवलं. फ्रीव्हीलचा आवाज आला. टिक्‌ टिक्‌ टिक्‌ टिक्‌, मग हळूहळू विरळ होत टिक्‌... टिक्‌.

जिन्याकडे वळलेले सर थांबले. “पुन्हा फिरव.”

निकमने फिरवलं.

“हे माझं चाक आहे,” सर म्हणाले आणि गोधडीवर बसले. वहिनींना म्हणाले, “वरून पंप आणतेस का?”

मग मला मागे बोलावलं. “शोभा, सीट धर.”

“सर, हिला तीन चाकं आहेत. ही पडत नाही. धरू कशाला?”

“मला माहितीय पडत नाही. तरी धर.”

मी धरली. कॉलनीच्या टोकापर्यंत सीट धरून चालले आणि परत येताना धावले. एक कुत्रं शेजारून चालत होतं. सरांचा आणि त्याचा चेहरा अगदी एका उंचीवर आलेला. दोघं एकमेकांकडे बघत, न भुंकता, पार गेटपर्यंत आले.

*

आडवी एवढी बुटकी, की ट्रकवाल्याला दिसणार नाही. म्हणून मागे उंच काठी आणि तिला झेंडा लावायचा ठरलं. रंग कोणता?

“निळा,” निकम म्हणाला, सरांच्या घरातल्या बुद्धांच्या तसबिरीकडे बघून.

“निळा लावला तर रस्त्यात जो तो जयभीम करेल,” सर म्हणाले. “मलाही हात जोडावे लागतील. मग हँडल कोण धरणार?”

“भगवा?”

“त्र्यंबकच्या रस्त्यावर? दर फर्लांगाला फराळ घ्यावा लागेल.”

“हिरवा?”

“शेतकी खात्याची योजना वाटेल.”

“पांढरा?”

“मी शरण आलेलो नाही!” सर कडाडले. स्वयंपाकघरात वहिनींच्या हातातलं भांडं थांबलं, आणि मला त्यांचं हसू ऐकू आलं. त्याच दिवशी त्यांनी आपला जुना गाऊन फाडून झेंडा शिवला. पिवळ्यावर जांभळी फुलं.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या पानटपरीवाल्याने हात करून सरांना थांबवलं. झेंडा खालून वर बघितला. “सर, हा पक्ष नवीन का? निशाणी काय आपली?”

सर गोधडीवर रेललेले. “उशी.”

*

आणि मग तो त्र्यंबकचा रविवार.

अश्विनातली सकाळ. अंजनेरी अजून हिरवी होती आणि वर मोठे, पांढरे, आळशी ढग. आम्ही तिघं पुढे, सर शेवटी, पंप त्यांच्या सीटला बांधलेला. त्यांच्या मागे स्कूटरवर वहिनी, पाण्याची बाटली आणि कमरेचा पट्टा घेऊन. चढावर सर इतके हळू येत होते, की वहिनींना मध्येमध्ये पाय टेकावा लागत होता. अंजनेरीला मावशींनी सरांना बघितलं आणि चहात आलं जास्त घातलं. नऊच्या सुमारास आम्ही त्र्यंबकेश्वरला पोचलो. सरांनी घड्याळ दाखवलं. “वीस मिनिटं उशीर!” वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

परतीला उतार आहे. आडवीला समोरचा वारा अडवत नाही, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पहिल्याच उतारावर सर माझ्या शेजारून गेले. मग डॉक्टरांना मागे टाकलं, मग निकमला. टिक्‌ टिक्‌ टिक्‌ करत पिवळा झेंडा पुढे पुढे गेला आणि वळणाआड दिसेनासा झाला. इतक्या वर्षांत सर पहिल्यांदाच पुढे गेले होते.

“सर!” निकम ओरडला. “नियम!”

आणि डॉक्टरांचं पुढचं चाक बसलं.

पंप पुढे गेलेला. आम्ही चालत निघालो. वहिनी उताराला घाबरून स्कूटर पाय टेकत आमच्याबरोबरच आणत होत्या. वहिनींनी सरांना फोन लावला, उचलेनात. पुन्हा लावला. पाच-सहा वेळा झाल्यावर त्यांचा चेहरा बदलला. “कमरेत काही झालं असेल का हो, डॉक्टर?” दातांच्या डॉक्टरांकडे या वेळी मत नव्हतं.

दोन वळणं उतरल्यावर रस्त्याकडेला चिंचेखाली गर्दी दिसली. दोन जीप उभ्या होत्या, माणसं गोल करून होती आणि त्यांच्या डोक्यांवरून जांभळ्या फुलांचा झेंडा. माझ्या डोक्यात सरांचाच तो शब्द आला, तिरडी. मी सायकल तिथेच टाकली. निकम धावत सुटला. वहिनी स्कूटर स्टँडला न लावताच उतरल्या आणि ती आडवी झाली.

गर्दीत शिरलो. सर गोधडीवर रेललेले, दाढी पांढरी, हात पोटावर, अगदी स्थिर. पायांशी झेंडूची माळ, तीन केळी आणि अर्धा नारळ. दर्शनाहून परतणारी एक आजी डोळे मिटून हात जोडून उभी होती.

एका माणसाने ओठांवर बोट ठेवलं. “हळू. बाबा ध्यानात हायेत. असेच झोपून त्र्यंबकला जाऊन आलेत, नवस हाय त्यांचा.”

“कसले बाबा!” वहिनी किंचाळल्या. “आमचे हे आहेत!”

सरांचे डोळे उघडे होते. ते सरळ वर बघत होते. वहिनी मटकन खाली बसल्या आणि त्यांनी सरांचा पाय घट्ट धरला. आजीने तेही पाया पडणं समजून पुन्हा हात जोडले.

निकमचा श्वास अजून जागेवर नव्हता. “सर... पंप. डॉक्टरांचं चाक बसलं. पंप द्या.”

सरांनी त्याच्याकडे बघितलं नाही. फक्त एक बोट उचललं, वर्गात गप्प करायला उचलायचे तसं.

“थांब रे. एवढा ढग संपू दे.”